बातमीच्या पुढचं वाचणाऱ्या मुली

सकाळी चहाबरोबर पेपर उघडला, की ‘हुंड्यासाठी छळ’, ‘पत्नीवर कोयत्याने वार’ अशी एखादी तरी बातमी दिसतेच. आपण हळहळतो, ‘काय बाई दिवस आलेत’ म्हणतो आणि पान उलटतो. घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर तिला बजावतो, ‘अंधार पडायच्या आत घरी ये गं.’ पण हीच मुलगी एक दिवस म्हणाली, ‘आई, मला या गुन्ह्यांचाच अभ्यास करायचाय,’ तर? बहुतेक घरांत पहिलं उत्तर येईल, ‘तुला कशाला हव्यात नसत्या उठाठेवी?’

मैत्रिणींनो, हे उत्तर देण्याआधी जरा थांबूया. कारण असा अभ्यास आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात किती कामाला आला, हे माहीत असायला हवं.

निकाल वाचला, कायदा बदलला

१९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी होते दोन पोलीस. उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असणार, असा त्या निकालाचा सूर होता.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. त्यांच्या हातात होतं काय? तो निकाल! तो त्यांनी ओळ न ओळ वाचला आणि विचारलं, पोलिसांपुढे घाबरून गप्प राहिलेल्या मुलीचं गप्प राहणं म्हणजे ‘होकार’ कसा? देशभरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली ‘माझी संमती नव्हती’, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, अशी तरतूद आली. नीट वाचणं आणि नेमका प्रश्न विचारणं, अभ्यास अभ्यास म्हणतात तो हाच.

न नोंदलेले गुन्हे

दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग देशभरातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल काढतो. २०२२ मध्ये महिलांवरच्या गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ नोंदी झाल्या. त्यात सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा होता. आता दुसरा आकडा पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे साधारण २९ जणींनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्या दर १०० जणींपैकी मदत मागितली ती फक्त १४ जणींनी!

मग उरलेल्या जणी गेल्या कुठे? त्या पोलिसांच्या रजिस्टरमध्ये नाहीत. त्या आपल्या आळीत आहेत, वाडीत आहेत, कधी आपल्याच घरात आहेत.

त्यांच्या वाटेतले अडथळे शोधायला गावातली मुलगीच हवी. राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे घ्या. शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्यांना हे गाव ठाऊक असतं. पण रात्री दहा वाजता मार खाल्लेल्या बाईला इथून पोलीस ठाणं गाठायचं तर वाहन कुठलं? शेवटची एसटी कधीची? कोर्टाच्या तारखेला जायचं तर दिवसाची मजुरी किती बुडते? २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात आणि बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे वाडीवरच्या किती जणींना ठाऊक आहे? हे प्रश्न लहान दिसतात, पण यावर पदवीच्या वर्गातली मुलगी सुंदर प्रकल्प करू शकते. शिवाय त्यासाठी कुणाच्या जखमेवर बोट ठेवावं लागत नाही.

संधी कुठे आहेत?

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. पदवीच्या अभ्यासक्रमात आता क्षेत्र प्रकल्प असतो. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी करता येते. अर्थात ही सोय आपल्या कॉलेजात आहे का, हे आधी विचारून घ्या. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. तीत पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो.

पुढे शिकायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तर १९८४ पासून या कामात आहे. पोलिसांच्या आवारातच बाईचं ऐकून घेणारा विशेष कक्ष तिनेच सुरू केला. विज्ञानाची गोडी असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. रक्ताचा डाग, बोटांचे ठसे काय सांगतात, ते तिथे शिकवतात.

पण जपून!

हा विषय विस्तवासारखा आहे, म्हणून काही पथ्यं पाळायलाच हवीत. मार्गदर्शक बाईंना किंवा सरांना विचारल्याशिवाय कुणाकडे प्रश्न घेऊन जायचं नाही. शेजारच्या वहिनींना ‘तुम्हाला मारतात का हो?’ असं दारात उभं राहून तर मुळीच विचारायचं नाही. आतल्या खोलीत ऐकणारा कोण असेल आणि रात्री त्याचा राग कुणावर निघेल, सांगता येत नाही. सुरुवात छापील अहवाल, न्यायालयांचे निकाल आणि आशाताई, वकील यांच्याशी बोलण्यापासून करावी. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. गाव लहान असेल तर ‘अमक्या वाडीतली अंगणवाडी सेविका’ एवढं लिहिलं तरी ओळख पटते, हेही ध्यानात ठेवावं. कुणी आपणहून मन मोकळं केलंच, तर वही बाजूला ठेवावी आणि १८१ किंवा ११२ हे नंबर तिच्या हाती द्यावेत.

आणि आयांनो, असं रोज वाचून मुलीचं मनही जड होतं. संध्याकाळी ती गप्प दिसली तर जवळ बसा, तिला बोलू द्या. ‘हे वाचू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘आज काय वाचलंस?’ असं विचारा. तिचा प्रकल्प लिहून झाला, की कॉलेजात जमा होण्याआधी तो तुम्हीच वाचायला मागा. इतकी वर्षं जे फक्त कुजबुजत बोललो, ते आपल्याच मुलीच्या अक्षरात वाचाल, तेव्हा पुढचा प्रश्न कदाचित तुम्हालाच सुचेल.