कागदाचा पोत



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने चित्रकलेच्या कागदाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु कागदाच्या पोताची पहिली ओळख मला हस्तलिखित पोथ्यांनीच करून दिली. पोथीचे पान बोटांखाली गुळगुळीत लागते. कारागीर कागदाला खळ लावीत, तो वाळवीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत; हेतू हा की बोरूचे टोक अडखळू नये व शाई फुटू नये. आपल्यासारखेच एकेकाळी निजामी मुलखात असलेले, दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तर याच व्यवसायावरून ओळखले गेले. पोत हा शोभेचा नव्हे, प्रथम कामाचा प्रश्न आहे, हे मला तेथे उमगले.

चित्रकाराच्या कागदाचेही तसेच. जलरंगाच्या कागदाचे पोत मुख्यतः तीन. तापलेल्या रुळांतून दाबून काढलेला तो हॉट प्रेस. तो सपाट असल्याने बारीक रेषेस व तपशिलास उत्तम. मात्र त्यावर ओला रंग सरकतो व आवरणे कठीण जाते. उष्णतेवाचून दाबलेला तो कोल्ड प्रेस. त्याचा रवा मध्यम, म्हणून नवशिक्यास तो अधिक सांभाळून घेतो. तिसरा रफ. त्यावर लोकरी कापडाचा खडबडीत ठसा तसाच राहतो. कोरडा कुंचला त्यावरून झरकन फिरविला की रंग उंचवट्यांवरच बसतो, खळगे पांढरे राहतात आणि पाण्यावरची चमक आपोआप साधते. पेन्सिलीच्या कार्ट्रिज कागदालाही थोडा रवा लागतो. शिसे धरून ठेवतो तो रवाच.

पोताइतकीच महत्त्वाची आतली खळ. ती कमी असेल तर कागद टिपकागदासारखा रंग पितो. वजनाचाही विचार हवा: चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा कागद पाण्याने फारसा फुगत नाही. पारख सोपी आहे. कागद तिरप्या उजेडात धरावा, पेन्सिल आडवी फिरवावी आणि कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. एका मराठी चित्रकाराचा तो दिवा आपल्या कर्नाटकात तेवतो आहे. पारदर्शक जलरंगातला उजेड मुख्यत्वे कागदाच्या पांढरेपणातून येतो, हे ध्यानी घेतले म्हणजे कागदाचे मोल कळते.

शाळकरी वयात मी वहीच्या पातळ पानावर आमचे शेत रंगविले होते. रंग ओघळले, पान फाटले, आणि 'याला हात नाही' असा निवाडा झाला. मी पुन्हा कुंचला उचलला नाही. आज सत्तरी उलटल्यावर कळते की दोष निदान अर्धा तरी कागदाचा होता. म्हणून या शाळेतील शिक्षकांना व माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती: मुलाच्या हाताची परीक्षा घेण्याआधी त्याच्यापुढच्या कागदाची परीक्षा घ्या.