ई-मेल जाहिरात : आधी संमती, मग संदेश

छोट्या व्यावसायिकांना ई-मेल हे जाहिरातीचे स्वस्त साधन वाटते. मात्र विकत घेतलेल्या यादीवर सरसकट मेल धाडणे महागात पडू शकते. ग्राहकांनी असे मेल ‘स्पॅम’ ठरवले, की त्याच पत्त्यावरून जाणारी बिलेही स्पॅममध्ये जाऊ लागतात. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलसाठीचे नियम कडक केले. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली, म्हणजे हजारी तीनपेक्षा कमी राखावे लागते. दिवसाला ५,००० वा अधिक मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीत एका क्लिकवर नाव वगळण्याची सोय देणे बंधनकारक आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी भारताने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यातही संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, अशी तरतूद आहे. त्यामुळे बिल करताना ग्राहकाला विचारून घेतलेले शंभर पत्ते विकतच्या हजारो पत्त्यांहून मोलाचे ठरतात.