जनावरांचा सौदा : छुपा रोग तपासूनच घ्या

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरा कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाच्या वाढ्यावर संकरित गायी-म्हशी पोसल्या गेल्या आणि दुधाचा धंदा उभा राहिला. या धंद्यात आपले बांधवही आहेत. कोणी डेअरीला दूध घालतो, कोणी कालवडी-पारड्या वाढवून विकतो, तर कोणी दुकान सांभाळून चार जनावरे शेतकऱ्याकडे निम्म्या वाट्याने ठेवतो. या सर्वांनी बोव्हाइन व्हायरल डायरिया, म्हणजे बी.व्ही.डी. या रोगाची माहिती करून घेणे जरुरीचे आहे. १९४६ साली अमेरिकेत त्याची प्रथम नोंद झाली. भारतातही अनेक राज्यांत त्याची लागण आढळली आहे.

रोग कसा लपतो?

मोठ्या जनावराला हा विषाणू लागला तर ताप येतो, हगवण लागते आणि बहुतेक जनावरे दोन-तीन आठवड्यांत बरी होतात. खरा धोका गाभण गायीला असतो. गाभाच्या साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात लागण झाली तर गाय गाभडते, किंवा वासरू विषाणू अंगात घेऊनच जन्मते. त्याचे शरीर त्या विषाणूला परका मानत नाही, म्हणून तो जन्मभर जात नाही. काही वासरे खुरटतात, पुष्कळशी दोन वर्षांच्या आत दगावतात. पण काही अगदी धडधाकट दिसतात. असे एक जनावर लाळ, शेण, नाकातील पाणी यांतून रोज विषाणू सोडते. मग गोठ्यात गायी उलटू लागतात, गाभडतात, वासरांना न्यूमोनिया होतो आणि मालक चाऱ्याला किंवा नशिबाला दोष देतो.

तपासणी कोणती?

कापडाचा ताका उलगडून उजेडात धरल्याशिवाय विणीतला दोष कळत नाही, तसेच येथे आहे. नुसती प्रतिपिंडांची तपासणी केली तर असे जनावर बहुधा निर्दोष ठरते, कारण त्याचे शरीर प्रतिपिंड तयारच करत नाही. म्हणून प्रत्यक्ष विषाणू शोधणारी तपासणी मागावी. कानाच्या कडेचा लहानसा तुकडा घेऊन एलायझा किंवा पीसीआर पद्धतीने ती होते. विषाणू सापडला तर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. दुसऱ्या वेळीही सापडला तर रोग जन्माचा समजावा.

खर्च वाचवण्याची एक युक्ती आहे. आधी वासरू तपासावे. जन्मरोगी गायीचे वासरू जन्मरोगीच असते, म्हणून वासरू निर्दोष निघाले तर त्याची आईही जन्मरोगी नाही. नमुना कोठे पाठवायचा हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

स्वित्झर्लंडने २००८ साली देशभरातील जनावरांची अशी तपासणी सुरू केली, तर जर्मनीने २०११ पासून ती सक्तीची केली.

सौदा साफ असावा

नवीन जनावर तीन-चार आठवडे वेगळे बांधणे चांगलेच; पण जन्मरोगी जनावर तेवढ्याने शुद्ध होत नाही. तपासणीचा निकाल येईपर्यंत ते गाभण जनावरांजवळ बांधू नये. शेळ्या-मेंढ्यांनाही हा विषाणू लागू शकतो. माणसाला मात्र त्याची बाधा होत नाही.

रोगी जनावर निघाल्यावर काय करायचे, हा अवघड प्रश्न आहे. महाराष्ट्रात गाय-वासरांची कत्तल पूर्वीपासून बंद आहे. २०१५ पासून बैल व वळू यांनाही ती बंदी लागू झाली. त्यामुळे तेच जनावर गुपचूप पुन्हा बाजारात आणण्याचा मोह होतो. त्यात आपला तोटा दुसऱ्याच्या गोठ्यात जातो, आणि आठवडी बाजारात फिरत फिरत तोच विषाणू आपल्याही दारी परत येतो. ते वेगळे बांधून डॉक्टरांच्या सल्ल्याने ठेवणे हाच मार्ग आहे.

ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते. ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क शरीयतने खरेदीदाराला दिलेला आहे. तेव्हा सौदा ठरवतानाच दोन साक्षीदारांसमोर अट घालावी : तपासणीत दोष निघाला तर जनावर परत, पैसे परत. ज्याचा माल साफ आहे, तो या अटीला नाही म्हणणार नाही.