भरिताच्या जाळाची धग

हिवाळ्यात जळगाव-धुळ्याकडे शेतात भरीत पार्टी ठरली की वांगी गॅसवर नाही, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. वांगी बामणोदची असली तर विचारूच नका. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. काड्या भडकल्या की बाजूला बसलेला माणूस चटकन मागे सरकतो. गरम हवा तर सरळ वर जात असते. मग गाल का पोळतात? चेहऱ्यासमोर ताट धरून पाहा, धग त्याच क्षणी थांबते. ताटाने अडते, म्हणजे ती उजेडासारखी सरळ रेषेत येते. हेच उष्णतेचं प्रारण.

ते येतं मुख्यतः काजळीच्या तापलेल्या बारीक कणांकडून. जाळाचा पिवळा रंग त्यांचाच. पण त्यांची बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून जाते. जोडीला पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड असतात, मात्र हे वायू ठरावीक तरंगलांबींवरच प्रारण सोडतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या कामात जवळजवळ मुके.

खरी गंमत जाळाच्या लवलवण्यात आहे. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं : तापमान दुप्पट, तर प्रारण 16 पट. जाळातले भोवरे बाहेरची गार हवा आत ओढत राहतात, त्यामुळे तापमान सतत वरखाली होतं. समजा, एकाच जागी निम्मा वेळ 900 केल्विन आणि निम्मा वेळ 1500. सरासरी 1200. पण बाकी सगळं सारखं धरलं, तरी हा जाळ 1200 वर स्थिर असलेल्या जाळापेक्षा सुमारे 38 टक्के जास्त प्रारण सोडतो. 900 च्या क्षणांत जे कमी पडतं, त्याच्या दुपटीहून थोडं जास्तच 1500 चे क्षण भरून देतात. म्हणून भट्टीचा किंवा जेट विमानाच्या झोताचा हिशेब नुसत्या सरासरी तापमानावर मांडणारा फसतो.

भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघणारा धूरही असाच भोवऱ्यांचा. पण त्याची बहुतेक उष्णता आधीच बॉयलरने वाफेसाठी काढून घेतलेली असते. कोळशाच्या केंद्रांत धूर साधारण 120 ते 150 अंश सेल्सिअसला बाहेर पडतो. 150 अंशांना प्रारण, फार तर, 1200 केल्विनच्या जाळाच्या 65 व्या हिश्शाएवढं. त्यामुळे त्या धुराची धग खाली कुणाला लागत नाही. रात्री काळोखात तो डोळ्यांना दिसतही नाही. अवरक्त कॅमेऱ्याला मात्र दिसतो.