स्वादुपिंडाचा कर्करोग आणि तरुण वय : समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वादुपिंडाचा कर्करोग हा केवळ उतारवयाचा रोग आहे, ही समजूत पूर्णतः निराधार नाही. पाश्चात्त्य देशांत त्याचे निदान सर्वसाधारणपणे सत्तरीच्या आसपास होते आणि पन्नाशीच्या आतील रुग्णांचे प्रमाण पाच ते दहा टक्क्यांच्या घरात राहते. तथापि रोगाचे निदान होण्याचे वय आणि त्याचे मूळ धरण्याचे वय या दोन भिन्न गोष्टी असून, तरुणांच्या जोखमीविषयीचे अनेक गैरसमज त्यांची गल्लत झाल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

जठराच्या मागे आडवी पसरलेली, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी पाचकरस तयार करून नलिकेवाटे लहान आतड्यात सोडते आणि इन्शुलिनसारखी संप्रेरके, म्हणजे शरीरातील क्रियांचे नियमन करणारी रासायनिक द्रव्ये, थेट रक्तात मिसळते. या ग्रंथीच्या दहापैकी नऊ कर्करोगांचा उगम पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तराशी निगडित असतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सात रुग्णांच्या गाठींतील जनुकीय बदलांची तुलना करून २०१० मध्ये असा अंदाज मांडला की, पेशीतील पहिल्या जनुकीय बिघाडापासून कर्करोगाची मूळ पेशी घडेपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ जातो आणि तिच्या वंशजांना इतर अवयवांत पसरण्याची क्षमता येण्यास आणखी किमान पाच वर्षे लागतात. साठीत उघडकीस येणाऱ्या रोगाची सुरुवात त्यामुळे चाळिशीत किंवा त्याही आधी झालेली असू शकते, आणि तिशीतील सवयींचा हिशेब तिशीतच मांडावा लागतो.

या सवयींत तंबाखू सर्वांत घातक आहे. धूम्रपानाने फुप्फुसे आणि तंबाखू चघळल्याने तोंड एवढेच बिघडते, हा समज महाराष्ट्रात खोलवर रुजलेला असला तरी वस्तुस्थिती अशी की, धूम्रपान करणाऱ्यांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाची जोखीम न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगांत तोंड व अन्ननलिका यांच्या जोडीने स्वादुपिंडाचाही समावेश केलेला आहे. चुना लावून मळलेली तंबाखू असो, गुटखा असो की भाजलेल्या तंबाखूची पूड म्हणजे मिश्री असो, तिच्यातील नायट्रोसमाइन ही कर्ककारक द्रव्ये रक्तावाटे शरीरभर पोहोचतात. मिश्रीकडे दात घासण्याचे साधन म्हणून पाहणाऱ्या असंख्य स्त्रियांना हे कोणी सांगितलेलेच नाही, ही बाब गंभीर आहे. धूम्रपान सोडल्यानंतर ही जोखीम वर्षागणिक घटत जाते.

कॉफीविषयीची भीती मात्र अनाठायी आहे. हार्वर्डमधील संशोधकांनी १९८१ मध्ये कॉफी आणि हा कर्करोग यांच्यात संबंध असल्याचे प्रसिद्ध केले होते; परंतु तुलनेसाठी निवडलेल्यांपैकी अनेकांना पोटाचे विकार असल्याने त्यांनी आधीच कॉफी कमी केलेली असावी आणि त्यामुळे कर्करोगाचे रुग्ण अधिक कॉफी पितात असा आभास निर्माण झाला असावा, असा आक्षेप घेतला गेला. पुढे त्याच गटाच्या नव्या अभ्यासात तो संबंध टिकला नाही.

घराण्यात कोणालाही हा रोग नाही म्हणून आपण सुरक्षित, हा तर्कही अपुरा आहे. साधारणतः दहापैकी एका रुग्णात जन्मजात जनुकदोष आढळतो आणि त्यांतील अनेकांच्या कुटुंबात स्वादुपिंडाच्या कर्करोगाची नोंद नसते. बीआरसीए-२ या जनुकातील दोष आई, आत्या किंवा मावशीत स्तनाच्या वा अंडाशयाच्या कर्करोगाच्या रूपाने प्रकट झालेला असू शकतो, आणि तो वडिलांकडूनही येतो. याउलट, दोष असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असेही नाही.

स्वादुपिंडाचा दीर्घकालीन दाह मद्यपींनाच होतो, हा गैरसमज भारतात विशेष घातक ठरतो. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्याचा सखोल अभ्यास केला, त्या उष्णकटिबंधीय दाहात मद्याचा स्पर्शही न झालेल्या मुलांना व तरुणांना वारंवार पोटदुखी, नलिकेत खडे आणि पुढे मधुमेह होतो. अशा रुग्णांत कर्करोगाची जोखीम कितीतरी पटींनी अधिक असून तो तुलनेने लवकर उद्भवतो. तरुणपणापासूनचा लठ्ठपणा आणि दीर्घकाळचा मधुमेह यांनीही जोखीम वाढते, जरी तंबाखूच्या मानाने या कारणांची चर्चा कमी होते.

तरुण वयात या ग्रंथीत गाठ आढळली म्हणजे आशा संपली, असेही मानू नये. संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींतील गाठी पुष्कळदा संथ गतीने वाढतात, आणि मुख्यतः तरुण स्त्रियांत आढळणारी एक विशिष्ट गाठ शस्त्रक्रियेने बहुधा पूर्ण बरी होते.

कोणतीही तक्रार नसताना रक्तातील सीए १९-९ या घटकाची चाचणी करून निश्चिंत होता येते, हा समज दवाखान्यांत नेहमी ऐकू येतो. कावीळ किंवा पित्तनलिकेतील खड्यांमुळेही या घटकाचे प्रमाण वाढते, तर काही व्यक्तींच्या शरीरात तो तयारच होत नाही. त्यामुळे सर्वसामान्य जोखमीच्या व्यक्तींची अशी सरसकट चाळणी करू नये, अशीच अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाची २०१९ ची शिफारस आहे. ज्यांच्यात जनुकदोष किंवा आनुवंशिक दाह सिद्ध झाला आहे, त्यांच्यासाठी मात्र एमआरआय आणि दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी यांद्वारे नियमित देखरेख ठेवली जाते, आणि काही दोषांत ती चाळिशीपासूनच सुरू होते.