एफ नडतो कुठे?

गिटार शिकणारे बहुतेक जण एफ कॉर्डवर अडतात आणि दोष बोटांच्या ताकदीला देतात. खरी मेख पहिल्या फ्रेटमध्ये आहे. तिथे तार नटच्या अगदी जवळ असल्याने दाबायला जास्त जोर लागतो. तीच पकड पाचव्या फ्रेटवर धरा. ए कॉर्ड वाजेल, तेही कमी कष्टात. सराव तिथून सुरू करून खाली सरका.

शिवाय तर्जनीला सहाही तारा दाबायच्या नसतातच! तिसरी, चौथी, पाचवी तार इतर बोटं सांभाळतात. तर्जनीकडे उरतात पहिली, दुसरी आणि सहावी. बोट किंचित कुशीवर वळवा, म्हणजे मऊ मांसाऐवजी हाडाची कड तारेवर येते. ते फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून ठेवा. अंगठ्याने आवळू नका, कोपराच्या वजनाने हात मागे ओढा. मनगट दुखलं, तर थांबा.