ब्रह्मपुरी ते बिंदू चौक

कोल्हापूरला येणारा पाहुणा बहुधा भवानी मंडपाजवळ उतरतो, अंबाबाईचे दर्शन घेतो, चपलांची खरेदी आणि मिसळ आटोपून पन्हाळ्याची वाट धरतो. देऊळ पाहून होते. ते देऊळ ज्या गावाचे, ते गाव पाहायचे राहून जाते. हे जुने गाव अजून जागेवर आहे आणि ते पायी चालणाऱ्यालाच दिसते, असे माझे म्हणणे आहे. मात्र चालायला सुरुवात देवळापासून नव्हे, पंचगंगेपासून करावी. ब्रह्मपुरीची टेकडी, घाट, गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोड, अंबाबाई, भवानी मंडप आणि शेवटी बिंदू चौक, असा हा सुमारे अडीच किलोमीटरचा रस्ता.

नदीपासूनच का? कारण कोल्हापूरची सर्वांत जुनी ज्ञात वस्ती तिथे होती. ब्रह्मपुरीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन घरे उजेडात आली. याच टेकडीवर मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती आज टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सह्याद्रीच्या अलीकडच्या या गावाचे धागे भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचले होते, याचा हा पुरावा. पुढे शिलाहार राजांनी महालक्ष्मीच्या वरप्रसादाचे बिरुद मिरवले आणि गावाचे केंद्र चढावरच्या देवळाकडे सरकले. हा चढ गाडीत जाणवत नाही, पायांना जाणवतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले, देवळाभोवतीच्या पेठा मात्र कोरड्या राहिल्या; गाव वर का वाढले असेल, याचे एक उत्तर त्यात सापडते.

यावर कोणी म्हणेल, देवळाव्यतिरिक्त मध्ययुगाचे उरले आहे तरी काय? तट पडला, वेशी गेल्या, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. हे खरेच आहे, आणि त्याची खंत वाटायलाच हवी. पण गाव केवळ दगडांत नसते. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा वस्त्या मिळून जुने करवीर झाले, असे सांगतात, आणि ही नावे कोल्हापूरकरांच्या तोंडी अजून आहेत. तळी बुजली, तरी त्यांच्या जागा मोकळ्या राहिल्या. कपिलतीर्थावर भाजी मंडई भरते, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, रावणेश्वर तलावाच्या जागी शाहू स्टेडियम उभे आहे. प्रत्यक्ष देवळाच्या आवारातले मणिकर्णिका कुंडही असेच बुजवले गेले होते. अलीकडे ते उकरून मोकळे करण्याचे काम हाती घेण्यात आले. म्हणजे बुजलेले सगळेच कायमचे गेलेले नसते.

सर्वांत बोलका पुरावा किरणोत्सवाचा. देवीचे मुख पश्चिमेला आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. वाटेत एखादी इमारत उंच झाली की ती अडतात, आणि दर वर्षी अडथळ्यांची चर्चा होते. देऊळ आणि समोरचा रस्ता ही एकाच रचनेची अंगे आहेत, हे यावरून कळते. म्हणून निव्वळ गाभारा पाहून परतणाऱ्याला देऊळसुद्धा पुरते दिसत नाही.

दुसरा आक्षेप गर्दीचा. महाद्वार रोडवर चालायला जागा कुठे? संध्याकाळी खरोखरच नसते. पण सकाळी सातच्या आत निघाले, तर दुकानांच्या फळ्या बंद असतात आणि रस्त्याची वळणे, उतार, तिकट्या स्पष्ट दिसतात. शेवटी पूर्वीची रविवार वेस, म्हणजे आजचा बिंदू चौक येतो. तिथे तटाचा उरलेला भाग पाहायला मिळतो आणि समोर महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. डिसेंबर १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या हयातीत, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते बसवले गेले. जिथे गावाची हद्द संपत होती, तिथेच माणसामाणसांतल्या हद्दी नाकारणाऱ्या दोघांना या शहराने जागा दिली. मला या रस्त्यावरचे हे सर्वांत मोलाचे ठिकाण वाटते.

या वाटेसाठी मोठा निधी लागणार नाही. कपिलतीर्थावर, वरुणतीर्थावर आणि प्रत्येक गेलेल्या वेशीच्या जागी जुना नकाशा दाखवणारा एकेक ठळक फलक महापालिकेने लावावा, आणि शहरातल्या प्रत्येक शाळेने सातवीच्या मुलांना वर्षातून एकदा हा रस्ता पायी दाखवावा.